चौदावं पान

“हे पान तुला कुणी लिहायला सांगितलं?”

बेंडखळे सरांनी माझा अहवाल टेबलावर उघडून ठेवला होता आणि चौदाव्या पानावर त्यांचं बोट टेकलेलं होतं. निदेशकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. शेजारच्या वर्कशॉपमध्ये फिटरची मुलं लोखंड घासत होती. सरांनी उठून दार लोटलं आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले.

“कुणी नाही सर. मीच लिहिलं.”

“वाच. मोठ्याने.”

मी वाचलं. “कारखान्याच्या मागील बाजूस संकटकाळी बाहेर पडण्यासाठी एक दार आहे. या दारास बाहेरून कुलूप असते. किल्ली मालकांच्या कार्यालयात असते. दार आतून उघडत नाही. अमोनियापासून बचावाचे मुखवटे दोन आहेत. त्यांची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली आहे.”

“पुढे?”

“पुढे काही नाही सर. एवढंच आहे.”

“एवढंच म्हणे!” सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सुनेत्रा, परीक्षेला आठ दिवस राहिलेत. हे पान काढ. नमुन्यात जे आहे ते लिही आणि परवा आणून दे.”

मी अहवाल उचलून घेतला. त्यांना वाटलं, मी कबूल झाले.

आमच्या बंदरापासून चार कोसांवर सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था होती. तिथे मी शीतकरणाचा कोर्स करत होते. वर्गात बावीस मुलगे आणि मी. फ्रीज आणि एसी दुरुस्त करणारी मुलगी कोण घरात घेणार, असं सगळे म्हणायचे. माझ्या डोक्यात फ्रीज नव्हताच. आमच्या बंदरात बर्फाचे कारखाने होते आणि मी लहानपणापासून होड्यांवर चढणाऱ्या लाद्या बघत आले होते. भर उन्हात पाण्याचा एवढा दगड होतो कसा, हे मला शिकायचं होतं.

शेवटच्या वर्षी एक महिना प्रत्यक्ष कारखान्यात काढायचा आणि त्यावर अहवाल लिहायचा, अशी रीत होती. अहवालाला पन्नास गुण. त्यात वेगळं पास व्हावं लागे. मुलगी म्हटल्यावर दोन कारखान्यांनी हात वर केले. तिसरे तोडणकर शेठ. ते म्हणाले, पाठवा. त्यासाठी बेंडखळे सर स्वतः दोनदा त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले होते. हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या दिवशी मला उलट बोलवेना.

कारखान्यात जाण्याआधी सरांनी एक अख्खा तास अहवाल कसा लिहायचा यावर घेतला होता. त्यांनी फळ्यावर नऊ मथळे लिहिले. डावीकडे दीड इंच समास सोडा. निळी शाई वापरा. आकृती पेन्सिलीने काढा. रोजची नोंद त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी आठवून नको. मग खडू खाली ठेवून ते म्हणाले, “अहवाल म्हणजे निबंध नव्हे. तुम्हाला काय वाटलं ते कुणी विचारलेलं नाही. काय पाहिलं, केव्हा पाहिलं, किती मोजलं, तेवढं लिहायचं. आणि अहवालात ‘मी’ चालत नाही. यंत्र काय करतं ते लिहा. तुम्ही कोण ते वरच्या पानावर असतंच.”

मला तो तास फार आवडला होता. असं नेमकं मला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

तास संपल्यावर सरांनी कपाटातून जुना एक अहवाल काढला आणि मॉनिटरच्या हातात दिला. “हा नमुना. याच्यासारखा झाला पाहिजे.” सात वर्षांपूर्वी पहिल्या आलेल्या कुण्या मुलाचा तो अहवाल होता. मुलांनी त्याची झेरॉक्स काढली आणि कारखान्यात पाऊल ठेवण्याआधीच निम्म्या जणांचे अहवाल लिहून झाले. त्यात एक वाक्य होतं, ‘कारखान्यात सुरक्षिततेची सर्व साधने उपलब्ध असून कामगार समाधानी आहेत.’ नमुन्यातल्या मुलाने ‘समाधानी’ लिहिताना ‘धा’चा काना गाळला होता. बावीसच्या बावीस अहवालांत कामगार ‘समाधनी’ होते.

सरांनी पान काढायला सांगितलं, त्या दिवशी संध्याकाळी मी इसाकचाचांकडे गेले. ते तोडणकरांच्या कारखान्यात तीस वर्षं ऑपरेटर होते. मालक ऑफिसात असायचा, यंत्र मात्र चाचा चालवायचे. महिनाभर मी त्यांच्याच हाताखाली होते. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून आत तेल किती आहे ते त्यांनी मला ऐकायला शिकवलं. कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकायचं, दुसरं टोक यंत्राला.

चाचा जाळीच्या पडवीत बसून विडी ओढत होते. मी त्यांच्या हातात चौदावं पान ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. ओठ हलत होते.

“माझं नाव नाय ना यात?”

“नाही.”

“ते दुसरं काय लिवलंस नाय ना?”

“नाही चाचा. तुम्हाला शब्द दिलाय.”

“मग सर काय म्हणतो?”

“काढ म्हणतात.”

“तर काढ की गो. पानाचं काय एवढं? तुला पास होयाचं हाय.”

“हे खोटं आहे का, सांगा.”

चाचांनी विडी विझवली. “खरंच हाय. खरं हाय म्हणूनच सर काढायला सांगतो. खोटं असतं तर कुणाला काय पडलं होतं?” मग पान माझ्या हातात परत देत म्हणाले, “शेठ मला विचारील, पोरीला कुलपाचं कुणी सांगितलं. त्याला काय सांगू?”

“सांगा, तिला डोळे आहेत.”

ते हसले नाहीत.

दोन दिवसांनी मी अहवाल परत नेऊन दिला. पानं पुन्हा नीट ओवली होती. सरांनी सरळ चौदावं पान उघडलं आणि बघतच राहिले.

“हे तसंच आहे.”

“हो सर.”

“तुला कळतंय का, मी काय सांगतोय?” त्यांचा आवाज चढला नव्हता. ते थकल्यासारखे दिसत होते. “हा अहवाल बाहेरचा परीक्षक बघणार. तोडणकरांच्या कानावर जाणार. पुढच्या वर्षी ते आपली मुलं घेणार नाहीत. मुली तर नाहीतच. तुझ्यामागून कुणी मुलगी या ट्रेडला आली, तर तिला मी कुठे पाठवू? तुला एकटीला खरं बोलायचंय म्हणून बाकीच्यांचं दार बंद करायचं?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण हे मला माहीत होतं की माझ्यामागून जी येईल ती त्याच कारखान्यात जाईल, त्याच खोलीत उभी राहील.

“सर, तुम्हीच सांगितलं होतं, पाहिलं ते लिहायचं.”

“नमुन्याप्रमाणे लिहायचं, असंही सांगितलं होतं.”

“दोन्ही एकदम होत नाहीये सर.”

सरांनी लाल पेन उचललं. वरच्या पानावर लिहिलं, ‘अहवाल नमुन्याप्रमाणे नाही’. खाली गुण टाकले, पन्नासपैकी चौदा. पास व्हायला वीस लागत होते.

“अजून यादी वर गेलेली नाही,” ते म्हणाले. “उद्या दुपारपर्यंत पान बदललंस, तर मीही हा आकडा बदलीन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाचनालयात बसून होते. निदेशकांची खोली तिथून वीस पावलांवर. तीन वाजता शिपाई याद्यांचं पाकीट घेऊन मुख्य कार्यालयाकडे गेला. ते मी खिडकीतून पाहिलं. मी जागची उठले नाही.

तोंडी परीक्षेला कोल्हापूरहून काटकर नावाचे परीक्षक आले होते. सफारी घातलेला, पोट सुटलेला, घाईतला माणूस. त्यांना चारची एसटी गाठायची होती. एकेकाला आत बोलावत, अहवाल चाळत, दोन प्रश्न विचारत आणि सोडून देत. बेंडखळे सर शेजारी बसून पुढचा अहवाल त्यांच्यासमोर सरकवत होते. माझा नंबर शेवटचा होता. मी आत गेले तेव्हा काटकर वैतागून म्हणत होते, “बेंडखळे, तुमच्या सगळ्या कामगारांना एकच रोग झालाय. समाधनी!”

सर ओशाळून हसले.

काटकरांनी माझा अहवाल ओढला. लाल शेरा वाचला, गुण पाहिले आणि माझ्याकडे नजर टाकली. मग पहिल्यांदाच त्यांनी पानं सावकाश उलटली. दाबाचे आकडे, तारखा, मिठाच्या पाण्याचं तापमान. चौदाव्या पानाशी थांबले.

“दार आतून उघडत नाही,” त्यांनी वाचलं. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही सर.”

“बाहेरून कुलूप दिसतं, ते ठीक आहे. पण आतून उघडत नाही, हे कसं कळलं? कुणी ढकलून पाहिलं?”

“मी.”

“मग तसं लिहिलं का नाही?”

“अहवालात ‘मी’ चालत नाही सर.”

काटकर खुर्चीत मागे टेकले. “बरं. आणि तुम्ही ते दार कशासाठी ढकललंत? तपासणी म्हणून?”

मी चाचांना शब्द दिला होता. पण खोटं बोलीन असा शब्द दिलेला नव्हता.

“नाही सर,” मी म्हटलं. “बाहेर पडायचं होतं.”

बेंडखळे सरांचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. काटकर अमोनियाच्या यंत्रांवर आयुष्य घालवलेला माणूस. त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही.

झालं होतं ते असं. माझ्या प्रशिक्षणाचा एकोणिसावा दिवस. सकाळी साडेदहाच्या सुमाराला चाचा मागच्या खोलीत, ज्या गॅसवर बर्फ गोठतो त्या अमोनियाच्या टाकीतलं साठलेलं तेल काढत होते आणि मी शेजारी बादली धरून उभी होते. तेल संपलं आणि मागून गॅस आला. चाचा व्हॉल्व्ह फिरवत होते, पण व्हॉल्व्ह अडकला होता. पुढच्या क्षणी मला डोळे उघडता येईनात. नाकातोंडात कुणी पेटते काकडे कोंबल्यासारखं झालं. चाचा ओरडले, “मागं! मागच्या दारानं!” त्या घाईत कुलूप त्यांनाही आठवलं नाही. मी भिंत चाचपत दारापर्यंत गेले आणि अंगातल्या सगळ्या बळाने ते ढकललं. दार हललं, पण उघडलं नाही. पलीकडे कुलूप कडीवर वाजलं. लाद्या चोरीला जातात म्हणून शेठनी लावलेलं कुलूप. मी खांदा देऊन पुन्हा ढकललं. पुन्हा तसंच वाजलं.

चाचांनी मला दंडाला धरून ओढलं, माझी ओढणी पाण्याच्या पिंपात बुचकळून माझ्या तोंडावर दाबली आणि त्याच गॅसमधून पुढच्या बाजूला बाहेर लोटलं. मग स्वतः शर्ट भिजवून तोंडाला बांधला आणि परत आत गेले. पान्याने व्हॉल्व्ह बंद करून बाहेर आले, तेव्हा त्यांचे डोळे लालभडक झाले होते आणि त्यांना उभं राहवत नव्हतं. नळाखाली आम्ही दोघं अर्धा तास डोळे धूत बसलो. लाद्या उचलणारे गडी तेव्हा धक्क्यावर होते. शेठ जेव्हा आले तेव्हा वास गेला होता.

“कुणाला बोलू नको गो,” चाचा म्हणाले होते. “व्हॉल्व्ह जुना हाय, हे शेठ मानायचा नाय. म्हणंल, म्हातारा झाला, हात चालत नाय. माझ्या घरात मीच एक कमावणारा.”

मी शब्द दिला. घरीसुद्धा सांगितलं नाही. त्या दिवशीच्या नोंदीत मी आकडे लिहिले आणि दार लिहिलं. तेवढंच लिहिता येत होतं आणि तेवढं मी लिहिणारच होते.

काटकरांनी मला दोन अवघड प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. तोंडी परीक्षेचे गुण त्यांनी माझ्यासमोर लिहिले. पंचवीसपैकी चोवीस. पण अहवालाचे गुण वर गेलेले होते. ते त्यांच्या हातात नव्हते.

सायकल स्टँडपाशी सर माझ्यामागून आले. त्यांना चालताना धाप लागली होती.

“मला का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत सर. कुणी लिहायला सांगितलं, एवढंच विचारलंत.”

त्यांनी एका सायकलच्या सीटवर हात टेकला. “यादी गेली,” ते म्हणाले. “सहा महिन्यांनी पुन्हा सादर कर. मी बघतो. फक्त ते पान जरा मऊ कर. ‘काही त्रुटी आढळल्या’ असं लिही, म्हणजे कुणाला झोंबणार नाही.”

“मग पुन्हा नापास करा सर,” मी म्हटलं आणि सायकल काढली.

निकालात माझ्यापुढे नापास लागलं. बावीस समाधनी पास झाले. आई सुकी मासळी वाळत घालता घालता म्हणाली, “एका पानापायी सहा महिने?” मी म्हटलं, हो. रात्रीचं जेवण वाढताना तिने ताट जरा आपटलं. ते सहा महिने मी तिच्याबरोबर मासळी वाळवली आणि रोज थोडं थोडं करून सव्वीस पानं नव्याने लिहून काढली. जुनाच अहवाल, शब्दाला शब्द. काना-मात्रा बदलली नाही.

सादर करायच्या आदल्या आठवड्यात बाजारात इसाकचाचा भेटले. मला पाहून त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“तुला नापास केलान म्हणे?”

“हो.”

“मग आता?”

“पुन्हा देतेय. तेच.”

“तेच? कुलपासकट?”

“कुलपासकट.”

चाचा इकडे तिकडे पाहून म्हणाले, “कुलूप नाय आता. गेल्या महिन्यात कापलं मी. हॅक्सॉ लावली आणि कापलं. शेठकडं दोन येळा किल्ली मागितली, देईना. तिसऱ्या येळेला मागितलीच नाय.”

“शेठ काय म्हणाले?”

“बोंबलला. काढून टाकतो म्हणाला. म्हटलं काढ. पण आधी दुसरा ऑपरेटर आण, मग काढ. चार दिवस बोलला नाय. मग आतल्या अंगानं कडी बसवून घेतलान. नवा व्हॉल्व्हपण आणलान.” त्यांनी पिशवी उचलली. “तुझ्या घरात कोण कमावतं? तरी तू मागं हटली नाय. मी तीस वर्षं त्या दारासमोर उभा हाय, मला लाज वाटली. लिही तू आता, कुलूप काढलं म्हणून. तारीख सांगतो.”

“असं नाही लिहिता येणार चाचा. पाहिल्याशिवाय नाही.”

“अगो, मी सांगतोय ना!”

“तुम्ही सांगताय. मी पाहिलं नाही.”

ते कपाळाला हात लावून हसले. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. “चल तर,” म्हणाले.

शुक्रवारी शेठ नसताना मी कारखान्यात गेले. मागच्या खोलीत शिरताना नुसत्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. दाराशी गेले. कडी सरकवली, एका हाताने ढकललं. समोर धक्का, होड्या आणि ऊन. मी घड्याळ पाहिलं आणि तिथेच उभ्याने नोंद केली.

सोमवारी बेंडखळे सरांच्या टेबलावर सत्तावीस पानं ठेवली. त्यांनी आधी चौदावं पान काढलं. ते वाचताना मान हलवत राहिले. मग शेवटचं, नवं पान वाचलं. ‘पुन्हा भेट दिली असता मागील दारास कुलूप आढळले नाही. दार आतून उघडते. अमोनियाचे मुखवटे मात्र पूर्वीचेच आहेत.’

“छान झालं की,” सर मोकळे होत म्हणाले. “आता तर प्रश्नच मिटला. दार उघडं आहे. मग चौदावं पान काढून टाकलंस, तरी काही बिघडत नाही. उलट शेठचंही नाव राहील, तुझंही काम होईल.”

“नाही सर.”

“अगं, आता ते खरंही राहिलेलं नाही!”

“त्या तारखेला खरं होतं. तारीख लिहिली आहे सर.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून खण उघडला, लाल पेन शोधलं, सापडलं नाही. माझ्याच खिशातलं निळं मागून घेतलं. वरच्या पानावर त्यांनी शेरा लिहिला, ‘अहवाल नमुन्याप्रमाणे नाही.’ त्याखाली त्यांनी गुण टाकले, पन्नासपैकी त्रेचाळीस, आणि सही केली.

“शेरा तसाच राहू दे,” ते म्हणाले. “तो खरा आहे.”

मग उठून त्यांनी कपाट उघडलं. जुना नमुना काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “हा जाताना रद्दीत टाक.” माझा अहवाल त्यांनी त्या जागी ठेवला आणि कपाट बंद केलं.